परदेशी निघालेल्या दत्तक मुलासाठी तुळशीबागेतली खरेदी

पुण्यातल्या संस्थेतून मूल दत्तक घेणारे परदेशस्थ आईबाबा 'कारा'चं (दत्तक प्रक्रियेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचं) ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक-आदेश आणि मुलाचा पासपोर्ट यांच्या मधल्या काळात बरेचदा इथेच मुक्काम टाकून असतात. कोणी सासरी-माहेरी, कोणी भाड्याच्या फ्लॅटमध्ये. हाताशी वेळ असतो, जीव उतावीळ असतो, आणि मग मॉलमधून स्ट्रोलर, गाणी वाजवणारा पाळणा, कार्टूनच्या चादरी अशी गाडीभर खरेदी होते. त्यातलं बहुतेक सामान मुलाला परकं असतं. आदल्या दिवसापर्यंत स्टीलच्या ताटात जेवणारं, पंख्याच्या घरघरीत इतर मुलांसोबत झोपणारं मूल एका दिवसात माणसं, भाषा, वास, चव सगळंच बदललेलं बघतं. अशा वेळी हाताला, नाकाला, जिभेला जे काही ओळखीचं लागेल त्याचाच त्याला आधार. ते ओळखीचं सामान मॉलमध्ये नाही, तुळशीबागेत मिळतं. म्हणून तुळशीबाग, मंडई आणि पुस्तकं-वह्यांचा अप्पा बळवंत चौक या पट्ट्याचं हे परीक्षण, तेही फक्त या एका कामापुरतं. एरवी तुळशीबागेचं कौतुक करायला पुण्यात माणसं कमी नाहीत.

निकाल आधीच सांगून टाकतो. भांडी अव्वल. अंथरूण-पांघरूण उत्तम, पण अटींसह. खेळणी निम्मी बाद. काजळ, गुटी आणि मोहरीची उशी पूर्ण बाद. अप्पा बळवंत चौक सगळ्यांत उपयोगी, आणि नेमकं तिकडेच या कामासाठी फारसं कोणी फिरकत नाही.

घराबाहेर पडण्याआधी एक काम करा. मुलाच्या फाइलमध्ये दोन महत्त्वाचे अहवाल असतात, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. त्यांत वजन, उंची, लसी, विकासाचे टप्पे मिळतात. खरेदीला लागणारी माहिती मात्र सांभाळणाऱ्या मावशींकडे असते. ताट कसलं, खणांचं की साधं? दूध बाटलीने, पेल्याने की वाटी-चमच्याने? दुधाचा ब्रँड कोणता, पावडर किती चमचे आणि पाणी किती? अंगाला तेल कोणतं, साबण कोणता? झोप कॉटवर की खाली गादीवर, दिवा चालू की बंद? लाडाने हाक काय मारतात? सामाजिक कार्यकर्तीमार्फत एवढं विचारून कागदावर लिहून घेतलं तर खरेदी अर्ध्या वेळेत होते आणि पैसेही वाचतात.

आता भांडी. तुळशीबागेत लहान मापाची स्टीलची भांडी हवी तितकी मिळतात. मुलागणिक दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले आणि दोन चमचे पुरेत. एक संच वापरात, एक धुण्यात. खणांची थाळी घेणार असाल तर कडा बोटाने चाचपून बघा. स्वस्त थाळीची कड नीट वळवलेली नसते आणि ओठ कापतो. चमचा उथळ, गोल तोंडाचा घ्या. पेल्याला बाहेर वळवलेली कड असावी, म्हणजे दूध हनुवटीवरून ओघळत नाही. इथे गिऱ्हाईक हमखास पितळेच्या छोट्या वाट्यांवर भाळतं. त्या शोकेसमध्ये शोभतात, पण जेवायला नकोत: बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, आणि पितळेच्या मिश्रणात शिसंही असू शकतं.

यादीतली सगळ्यांत मोलाची वस्तू सगळ्यांत साधी आहे: झाकणाचा छोटा डबा. संस्थेतून आलेली कित्येक मुलं अन्न साठवतात. पोळीचा तुकडा उशीखाली, बिस्कीट चड्डीच्या खिशात, तोंडातला घास तासभर गालात. याला चोरी म्हणू नये, हावरटपणाही म्हणू नये. पुढचं जेवण नक्की मिळेल याची खात्री अजून पोटाला पटलेली नसते, एवढंच. उपाय असा की मुलाच्या हाताला येईल अशा जागी एक डबा कायमचा ठेवायचा, रात्रीसुद्धा. तो मुलासमोर भरायचा, रिकामा झाला की न बोलता परत भरायचा, आणि कितीही राग आला तरी शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही. काही आठवडे, काही घरांत काही महिने, हे चालतं. मग डबा भरलेलाच राहू लागतो.

मात्र डबा निवडताना एक चूक सर्रास होते. दुकानदार घट्ट झाकणाचा डबा पुढे करतो, 'मुंग्या लागणार नाहीत' म्हणून. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ते झाकण निघत नाही. मग डबा दिसतो पण उघडत नाही, आणि मूल आणखी बिथरतं. झाकण एका हाताने निघालं पाहिजे. दुकानातच, अंगठा न लावता, फक्त चार बोटांनी उघडून बघा. आत चुरमुरे, मऊ राजगिरा लाडवाचे तुकडे, बी काढून चिरलेला खजूर, मऊ बिस्किटं. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत. श्वासनलिकेत अडकणाऱ्या पदार्थांत हेच पुढे असतात.

गोधडीबद्दल थोडं सविस्तर. बाजारात तयार गोधड्या मिळतात, पण घरातल्या जुन्या सुती लुगड्यांची, तीन-चार पदरांची शिवून घेतलेली गोधडी केव्हाही सरस. तयार घेतली तर आधी साध्या साबणाने दोनदा धुवा. खळ आणि रंग दोन्ही निघायला हवेत. मग तिचा खरा उपयोग सुरू होतो. मूल घरी येण्याआधी आईबाबांनी ती आठवडाभर स्वतःच्या अंगाखाली घ्यायची आणि तशीच, न धुता, संस्थेत द्यायची. संस्था हो म्हणाली तर मूल काही दिवस त्यावर झोपतं, आणि घरी येताना गोधडीला दोन्हीकडचा वास असतो. ओळखीचा वास फार काम करतो, विशेषतः रात्री. एकसारख्या दोन घ्या. एक विमानतळावर हरवली की काय गोंधळ उडतो ते सांगायला नको.

आता अटी. पहिली खरजेची. एकत्र राहणाऱ्या मुलांत खरूज पसरायला वेळ लागत नाही. मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत खाजरे फोड असतील आणि रात्री खाज वाढत असेल तर 'न धुतलेलं कापड जपा' हा सल्ला बाजूला ठेवा. आधी डॉक्टर. कापड गरम पाण्यात धुऊन कडक तापमानावर वाळवा, आणि जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर लांब ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या कातडीवाचून दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही. उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचा असतो. नाहीतर मुलाची खरूज आईला आणि आईची परत मुलाला, असं चक्र चालू राहतं.

दुसरी अट वयाची. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात सैल गोधडी, उशी, लोड, मऊ खेळणी काहीच नको. गुदमरण्याचा धोका असतो. बाळ पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर. गोधडी खोलीत राहू द्या, खेळताना अंगाखाली घाला, झोपेत पांघरायला नको.

मोहरीची उशी याच कारणासाठी बाद. 'डोकं गोल होतं' म्हणून आजी लोक ती हटकून सुचवतात आणि दुकानदार हसून दोन काढून ठेवतो. पण बाळाला उशीच नको, आणि मोहरी म्हणजे बी. भरलेली उशी घेऊन परदेशी विमानतळावर उतरलात तर कस्टम्स किंवा कृषी तपासणीच्या टेबलावर ती ठेवून यावी लागण्याची शक्यता मोठी.

झोपेवरून दिव्याचं. संस्थेत बहुधा रात्री बारीक दिवा चालू असतो, पंखा फिरत असतो, कोणीतरी खोकत असतं. मूल परदेशातल्या अंधाऱ्या, चिडीचूप, वेगळ्या खोलीत एकटं झोपेल ही अपेक्षाच चुकीची. पहिले काही महिने मुलाची गादी आईबाबांच्या पलंगाला लागून. तपकीर गल्लीत झिरोचे बल्ब ढिगाने मिळतात, पण ते २३० व्होल्टचे. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते, तिथे ते नीट उजेड देत नाहीत आणि होल्डरही जुळत नाही. यूएसबीवर चालणारा, पिवळट उजेडाचा दिवा घ्या, तो कुठेही चालतो. पांढरा-निळा उजेड नको. पंख्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मावशी राजी असतील तर त्यांची अंगाईसुद्धा.

खेळण्यांत तुळशीबागेची शान म्हणजे भातुकली, आणि तीन वर्षांपुढच्या मुलासाठी तिच्याइतकं कामाचं खेळणं दुसरं नाही. खोटा चहा करून आईला पाजणं, बाबाला पोळी वाढणं, मग बाबाने मुलाला भरवणं: घास देणं-घेणं हा जवळीक जमण्याचा मोठा रस्ता, आणि त्याला भाषा लागत नाही. जर्मन बोलणारा बाबा आणि मराठी समजणारी मुलगी यांचं भातुकलीत व्यवस्थित जमतं. स्टीलचा संच घ्या, पितळेचा नको, कारण मुलं चाटणारच. जातं, चिमटा, किसणी यांच्या धारदार कडा तपासून काढून टाका. तीन वर्षांखालच्या मुलाला भातुकली द्यायची तर फक्त मोठी भांडी. सुरक्षा-चाचणीतल्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयाला घातक धरतात. नळी जवळ नसली तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झाली तरी सावधगिरीच्या बाजूने होते.

बाकी खेळण्यांत डोळे उघडे ठेवा. जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या वस्तूंना सूट आहे. टोपलीत सुट्टी विकली जाणारी प्लॅस्टिकची खेळणी उलटून बघा, चिन्ह नसेल तर परत ठेवा. रंगीत लाकडी खेळणं घेताना ओलं पांढरं फडकं घासा. रंग उतरला तर ते तोंडात घालायच्या लायकीचं नाही. बटण-सेलवर चालणाऱ्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर फुकटसुद्धा नको. गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही भाजतो.

आणि संख्या. तीन-चार खेळणी बस झाली: एक चेंडू, साबणाच्या फुग्यांची बाटली, भातुकली, एक कापडी बाहुली. संस्थेत वस्तू सामाईक असतात. एकदम वीस खेळणी समोर आली की मूल एकेक फेकत सुटतं, आणि लोक म्हणतात, 'किती विध्वंसक आहे हो.' बाहुल्यांच्या बाबतीत मात्र बाजाराला नापास करावं लागेल. बहुतेक बाहुल्या गोऱ्यापान, सोनेरी केसांच्या. जे मूल गोऱ्या शेजारात सावळ्या रंगाने वाढणार आहे, त्याला आपल्यासारखी एक तरी बाहुली हवी. शिंप्याकडून गव्हाळ किंवा गडद तपकिरी सुती कापडाची शिवून घ्या; डोळे बटणांचे नकोत, दोऱ्याने भरलेले.

कपडे झटपट उरका. सुती झबली, चड्ड्या, टोपरी लक्ष्मी रोडवर कुठेही चांगली मिळतात. वयाच्या लेबलवर जाऊ नका. ढोबळ हिशेब असा की संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे उंचीची वाढ साधारण एक महिन्याने मागे पडते. दोन वर्षांच्या मुलाला दीड वर्षाचा कपडा बरेचदा बसतो. घरी आल्यावर मूल भराभर वाढतं, म्हणून त्या मापाचे चारच जोड घ्या. चांदीचे वाळे, घुंगरू, काळ्या मण्यांची दोरी टाळा. घुंगरू सुटतो आणि थेट तोंडात जातो.

काजळाबद्दल दुकानदाराशी वाद घालू नका, फक्त घेऊ नका. काजळ-सुरम्यात शिसं सापडल्याची प्रकरणं जगभर नोंदली गेली आहेत. अमेरिकेत परदेशातून दत्तक आलेल्या मुलाची पहिल्या तपासणीतच रक्तातल्या शिशासाठी चाचणी करण्याची शिफारस आहे. आकडा वाढलेला आला की घरातली प्रत्येक वस्तू संशयित ठरते. बाळगुटीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नव्या घरात आधीच पोट बिघडलेलं असतं, त्यात आणखी एक अनोळखी चाटण कशाला? वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नाही.

खाण्यापिण्यात नियम एकच: पहिले दोन-तीन आठवडे जे चाललं होतं तेच, त्याच दुधासह. नंतर एका वेळी एक नवा पदार्थ. मेतकूट-भात, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व या चवी बहुतेक मुलांच्या ओळखीच्या असतात. सत्त्वाला एक मोठा चमचा आणि एक कप पाणी किंवा दूध हे प्रमाण धरा. आधी थंड पाण्यात कालवा, मग मंद आचेवर ढवळत शिजवा, नाहीतर गुठळ्या होतात आणि गुठळीला मूल थुंकतं. मेतकूट आणि सत्त्व सीलबंद, छापील लेबलाचं पाकीट बघूनच घ्या, सुट्टं नको, आणि विमानतळावर जाहीर करा. तांदूळ अमेरिकेत नेऊ नका. साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या खापरा किड्यामुळे भारतातून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानातल्या तांदळाला तिथे बंदी आहे. युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दूध-दुभतं चालत नाही, म्हणजे आजीने कढवलेलं तूपही नाही. ब्रँडेड, न फोडलेल्या बाळ-दूध पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे.

उरला अप्पा बळवंत चौक. इथे दोन अल्बम करून घ्यायचे. पहिला मूल घरी येण्याआधी संस्थेत पाठवायचा. सहा ते आठ पानं, पानागणिक एकच फोटो, चेहरा मोठा: आई, बाबा, भावंड असेल तर ते, आजी-आजोबा, कुत्रा-मांजर, मुलाची गादी, घराचं दार. पहिल्या महिन्यात ज्याची भेट होणार नाही त्याचा फोटो घालू नका. मामेभाऊ रुसला तरी चालेल. बाबांना चष्मा असेल तर फोटोतही चष्मा हवा, आणि भेटीच्या दिवशी शक्यतो फोटोतलाच शर्ट. पानं जाड लॅमिनेट करा आणि कोपरे गोल कापून घ्या. टोकदार कोपरा गालाला ओरखडतो. स्पायरल नको, तारेचं टोक बाहेर येतं. कापडी पट्टीची बांधणी सांगा. मावशींनी तो रोज झोपण्याआधी दाखवला तर पहिल्या भेटीत आईबाबा अगदीच अनोळखी नसतात.

दुसरा अल्बम आयुष्यभराचा. संस्थेचं फाटक, झोपायची जागा, जेवणाची खोली, अंगणातलं झाड, राजी असल्या तर मावशी, घरी आलेल्या दिवशीचे कपडे, पुण्याचा नकाशा. पाच-सहा वर्षांचं झालं की मूल विचारू लागतं, आणि तेव्हा उत्तराला कागद लागतो. इतर मुलांचे चेहरे मात्र एकाही फोटोत येऊ देऊ नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. एकदा फोनवरून फिरलेला फोटो मागे घेता येत नाही. परदेशी गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल जातो, सोबत मुलाचे फोटो. त्यांच्या प्रतीही याच फाइलीत लावत जा.

त्याच गल्लीतून अंकलिपी, प्राण्या-फळांचे तक्ते आणि एक मोठा पुठ्ठा घ्या. पुठ्ठ्यावर मुलाच्या रोजच्या बोलण्यातले तीसेक शब्द लिहायचे: मम्मम, पाणी, शू, शी, बाऊ, दुखतंय, नको, हवं, जोजो, भूभू, भीती. मराठी न येणाऱ्या जोडीदारासाठी शेजारी त्याच्या लिपीत उच्चार. तो फ्रिजवर लावा. मराठी घरात बोलली गेली नाही तर मूल ती काही महिन्यांत विसरतं, नवी भाषा यायला मात्र जास्त वेळ लागतो. मधल्या काळात 'दुखतंय' कळलं नाही तर कानदुखीही हट्ट वाटते.

शेवटचं, गर्दीचं. मंडई मेट्रो स्थानकावरून तुळशीबाग चालत गाठता येते, त्यामुळे पार्किंगचा प्रश्न आता उरलेला नाही. सकाळी दुकानं उघडता उघडता जा. सणाच्या तोंडावर आणि रविवारी संध्याकाळी नको. बदलून घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधीच विचारा. मुलाला मात्र नेऊच नका. हॉर्न, धक्के, आणि वाटेतल्या प्रत्येक काकूने गालाला हात लावून पुढे केलेलं बिस्कीट: जे मूल कोणाच्याही कडेवर हसत जातं त्याला आपली माणसं कोणती हे अजून शिकायचं असतं. सुरुवातीचे काही आठवडे भरवणं, आंघोळ, झोपवणं आईबाबांनीच करायचं, आणि बारसंही तोवर पुढे ढकलायचं. हे आजी-आजोबांना सांगणं जड जातं, ते हिरमुसतात. त्यांच्या हाती ही यादी द्या. डब्याचं झाकण चार बोटांनी उघडून बघायला आजीपेक्षा कडक परीक्षक तुळशीबागेला मिळायची नाही.